काटा काय म्हणतो? फिरत्या घराचं पाणी आणि एक पितळी रेग्युलेटर

अमेरिकेतल्या कुठल्याही आरव्ही पार्कात, म्हणजे चाकांवरची घरं मुक्कामाला लावायच्या जागेत, एक तक्रार हमखास ऐकू येते : शॉवरला धारच नाही. त्यापाठोपाठचं वाक्यही ठरलेलं : रेग्युलेटर गेला वाटतं! नळाच्या तोंडावर बसवलेल्या त्या मुठीएवढ्या पितळी वस्तूवर आळ घेणं सोपं असतं, कारण पाण्याच्या सगळ्या वाटेवर उघड्यावर दिसणारी ती एकटीच. पण अनेकदा दोष असतो भलतीकडेच, आणि तो शोधायला दाब दाखवणारा एक छोटा काटा आणि दोन मिनिटं पुरतात.

न्यू जर्सीतून, बे एरियातून, टेक्सासमधून कितीतरी मराठी कुटुंबं उन्हाळ्याच्या सुट्टीत भाड्याची आरव्ही घेऊन यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन गाठतात. गाडीबरोबर पाण्याचा होज मिळतो आणि बहुधा पाण्याचा दाब उतरवणारा हा रेग्युलेटरही. तो कशासाठी आणि बिघडला तर काय करायचं, एवढं समजलं तर प्रवासातली एक संध्याकाळ नक्की वाचते. शिवाय या विषयात इतक्या मजेशीर गोष्टी दडल्या आहेत, की आरव्ही कधी चालवणार नसाल तरी वाचा.

आपल्या गच्चीवरची टाकी आणि त्यांचा नळ

पाण्याच्या दाबाचं गणित सोपं आहे. पाण्याचा स्तंभ २.३१ फूट उंच असला, की तळाशी १ पीएसआय दाब पडतो. पीएसआय म्हणजे एक चौरस इंचावर एक पौंड. आपल्याकडे प्लंबर ‘किलो’त बोलतात, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर किती किलो. त्यांचा एक किलो म्हणजे अमेरिकेतले सव्वाचौदा पीएसआय.

आता सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा हिशेब करा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळापेक्षा जेमतेम ३ मीटर वर. दाब किती? अवघा ४ पीएसआयच्या आसपास. म्हणून तर वरच्या मजल्यांवर प्रेशर पंप बसतात. अमेरिकेतल्या शहरी नळाला साधारण ४० ते ८० पीएसआय दाब असतो. ५० पीएसआय म्हणजे ३५ मीटर उंच टाकीचं पाणी थेट तुमच्या नळाला जोडल्यासारखं, दहा-अकरा मजल्यांइतकं. आपला स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण १५ पीएसआयने जास्त असतो. आरव्हीच्या नळ्यांमध्ये दिवसरात्र त्याच्या तिपटीहून जास्त दाब नांदत असतो.

आपल्याकडे प्रश्न दाब वाढवायचा, त्यांच्याकडे उतरवायचा. तिकडे नव्याने गेलेल्या माणसाला रेग्युलेटर ही वस्तूच नवी वाटते, त्याचं कारण हे.

८० ची रेघ

अमेरिकेतल्या प्लंबिंगच्या नियमावल्या सांगतात, की घरात येणाऱ्या पाण्याचा दाब ८० पीएसआयच्या वर असेल तर दाब उतरवणारी झडप बसवायलाच हवी. पक्क्या घराला हा नियम. फिरतं घर मात्र रोज वेगळ्या नळाला जोडलं जातं, म्हणून त्याला आपली झडप सोबत बाळगावी लागते. आरव्हीसाठी ४० ते ६० पीएसआयचा पट्टा सर्वसाधारणपणे सुरक्षित मानला जातो.

पार्कच्या नळाला किती दाब असेल? टाकी डोंगरावर आणि पार्क दरीत असेल, तर १०० च्या वरही जाऊ शकतो. दुसरी गोष्ट अशी, की रात्री दाब चढतो. संध्याकाळी सगळे अंघोळी करतात, भांडी घासतात, तेव्हा तो उतरलेला असतो. मध्यरात्री सगळे नळ बंद, की तीच वाहिनी पुन्हा भरदाबावर येते. ‘संध्याकाळी तर पाणी बारीक येत होतं, रेग्युलेटर कशाला लावायचा?’ असं म्हणून तो काढून ठेवणारे पहाटे ओल्या गालिच्यावर पाय ठेवतात.

मग फुटतं काय?

नळी नव्हे! आजच्या बहुतेक आरव्हींमध्ये पेक्स नावाची प्लास्टिकची लवचिक नळी असते. २३ अंश सेल्सिअसच्या पाण्याला ती १६० पीएसआय आणि ८२ अंशांच्या गरम पाण्यालाही १०० पीएसआय सोसते. फुटतात ते सांधे, प्लास्टिकच्या तोट्या, टॉयलेटची पाण्याची झडप, फिल्टरचं भांडं आणि उन्हात पडलेला होज. साखळीचं बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढं, आणि आरव्हीत कच्च्या कड्या पुष्कळ.

त्याआधीची गोष्ट जास्त थरारक आहे. १९७८ पासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या लाखो घरांत, आणि आरव्हींतही, पॉलिब्युटिलीन नावाची राखाडी नळी घातली गेली. स्वस्त, वाकवायला सोपी. पण पाण्यातल्या क्लोरीनने ती आणि तिचे सांधे आतून ठिसूळ होत गेले आणि घरोघरी गळती सुरू झाली. दावे इतके झाले, की १९९५ मध्ये उत्पादकांना किमान ९५ कोटी डॉलरची सामूहिक तडजोड करावी लागली. जुनी, ऐंशीच्या दशकातली आरव्ही हौसेने विकत घेणार असाल, तर सिंकखाली वाकून नळीचा रंग आधी बघा. राखाडी दिसली, तर रेग्युलेटर ४० वर ठेवा आणि नळी बदलायचं मनावर घ्या.

पितळाच्या आत

वीज नाही, बॅटरी नाही. आत असतो एक लवचिक पडदा किंवा दट्ट्या, त्याच्या एका बाजूला स्प्रिंग आणि दुसऱ्या बाजूला गाडीकडे जाणारं पाणी. तुम्ही नळ उघडलात, की गाडीकडचा दाब पडतो, स्प्रिंग पडद्याला रेटते, झडप उघडते, पाणी येतं. नळ बंद केलात, की गाडीकडचा दाब चढतो, पडदा स्प्रिंगला मागे ढकलतो, झडप मिटते. पाणी स्वतःच स्वतःला अडवतं! इतकी साधी, इतकी चोख यंत्रं थोडीच असतात, आणि मला तरी या झडपेचं कौतुक आवरत नाही.

ही कल्पना वाफेच्या युगातली. आज या धंद्यात मोठं नाव असलेली वॉट्स ही कंपनी १८७४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स या गिरणगावात सुरू झाली, तिथल्या कापड गिरण्यांच्या वाफेचा दाब सांभाळण्यासाठी.

बाजारात दोन जातीचे रेग्युलेटर मिळतात. एक बुटका, नळकांड्यासारखा : दाब कारखान्यातच ठरवलेला, बहुधा ४० ते ५०, काटा नाही, स्क्रू नाही. दुसरा थोडा जाडजूड : वर दाब बदलायचा स्क्रू आणि अंगावर गोल डायल. पहिला स्वस्त, पण त्याची आतली वाट अरुंद असते, त्यामुळे दाबाबरोबर धारही बारीक होते. मला विचाराल, तर दुसराच घ्यावा, आणि तो केवळ त्या डायलसाठी.

डायलची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. फ्रान्सच्या युजीन बोर्दों यांनी १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आत एक चपटी, वाकवलेली धातूची नळी असते. दाब वाढला, की ती सरळ व्हायला बघते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. एवढंच. पावणेदोनशे वर्षांत मूळ युक्ती बदललेली नाही. काही डायलमध्ये दिसणारा दाटसर द्रव म्हणजे ग्लिसरीन. काटा थरथरू नये म्हणून भरलेलं.

दाब वेगळा, धार वेगळी

हे नीट लक्षात ठेवा, कारण निम्मे घोटाळे इथेच होतात.

नळ बंद असताना काटा ५० दाखवतो म्हणून पाणी भरपूर येईल, असं मुळीच नाही. वाटेत सुईएवढं भोक उरलं असेल, तरी पाणी थांबलेलं असताना दोन्ही बाजूंचा दाब सारखाच भरतो. खरी परीक्षा नळ उघडल्यावर. म्हणून असं करा : रेग्युलेटरवरचा काटा बघायला एकाला बाहेर उभं करा, दुसऱ्याने आत जाऊन सिंकचा गार पाण्याचा नळ पूर्ण उघडायचा. तुमची मुलं हे काम आनंदाने करतील.

काटा ५० वरून ४५-४० वर आला आणि तिथे थांबला, तर उत्तम. वाहत्या पाण्यात दाब थोडा उतरतोच.

काटा जागचा फारसा हलला नाही आणि तरीही नळाला करंगळीएवढी धार? तर रेग्युलेटर निर्दोष! त्याच्यापर्यंत पाणी पुरेसं येतंय, अडथळा त्याच्यापुढे आहे. होजला पीळ पडलाय का, फिल्टरचं काडतूस गाळाने भरलंय का, गाडीच्या बाहेरच्या पाणीजोडाच्या तोंडातली छोटी जाळी तुंबलीय का, नळाच्या टोकाच्या जाळीवर पांढरा थर बसलाय का, हे याच क्रमाने बघत जा.

आणि काटा धाडकन १५-२० वर कोसळला, तर अडथळा काट्याच्या अलीकडे : खुद्द रेग्युलेटर, त्याच्या तोंडातली जाळी किंवा पार्कचा नळ. आता रेग्युलेटर काढून नळाची मोकळी धार बघा. ती जोरदार असेल, तर संशय खरा ठरला. तीच मरगळलेली असेल, तर शेजाऱ्याला विचारा. त्यालाही तोच त्रास असेल, तर पार्कच्या ऑफिसात जा, रेग्युलेटरच्या दुकानात नव्हे.

डायल नसलेल्यांनी बादली वापरायची. एक अमेरिकी गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. एका गॅलनचं भांडं २४ सेकंदांत भरलं, तर मिनिटाला अडीच गॅलन येतंय, शॉवरला हे भरपूर. भरायला मिनिटभर लागलं, तर कुठेतरी नक्कीच तुंबलंय.

अडीच गॅलन हा आकडा मी सहज घेतलेला नाही. १९९२ च्या ऊर्जा कायद्यानंतर अमेरिकेत १९९४ पासून शॉवरच्या तोटीला मिनिटाला अडीच गॅलनची कमाल मर्यादा आली, आणि ही मोजणी ८० पीएसआय दाबावर होते. आता गंमत बघा. साध्या भोकातून येणारी धार दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. दाब ८० वरून निम्मा, म्हणजे ४० केला, तर धार निम्मी होत नाही. ती सुमारे तीस टक्क्यांनीच घटते. आणि उलट, ४५ चा ६० केला, तर धार वाढते अवघी पंधरा टक्के. जेमतेम जाणवेल इतपत धारेसाठी सगळ्या सांध्यांवर तिसरा हिस्सा जादा ताण! म्हणून धार कमी वाटली की स्क्रू पिळायचा, ही सवय वाईट. आधी जाळ्या साफ करा.

पंपाची साक्ष

आरव्हीत पाण्याची दुसरी वाटही असते, आणि निदानासाठी यासारखी सोय नाही. गाडीच्या पोटात पिण्याच्या पाण्याची टाकी आणि १२ व्होल्टचा पंप असतो. बाहेरचा नळ बंद करा, टाकीत पाणी असल्याची खात्री करून पंप चालू करा आणि तोच शॉवर पुन्हा उघडा. पंपावर धार छान आली, तर आतली नळी, शॉवर, तोट्या सगळं ठीक. दोष बाहेरच्या वाटेवर. पंपावरही बारीकच आली, तर बाहेर कितीही खुडबुड करा, उपयोग नाही.

दुरुस्ती होईपर्यंत अंघोळी उरकायचा मार्गही हाच. टाकी भरून घ्या, पंपावर रात्र काढा. ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटच्या वाळवंटात हिवाळ्यात हजारो आरव्ही उतरतात, आणि त्यांतल्या पुष्कळशा जिथे मुक्काम करतात तिथे ना नळ असतो ना रेग्युलेटर. सगळं या एका पंपावर.

नळापाशीच थांबा

पार्कात जमिनीतून वर आलेला, उचलायच्या दांड्याचा नळ दिसला, तर तो थंडीत न गोठणारा नळ आहे. त्याची खरी झडप वर नसतेच. ती जमिनीत, गोठणरेषेच्या खाली असते. दांडा खाली केला, की उभ्या नळीत उरलेलं पाणी तळाच्या एका भोकातून खडीत निचरून जातं. म्हणून असा नळ अर्धा उघडायचा नाही. अर्ध्यावर ठेवलात, तर ते भोक पूर्ण मिटत नाही, पाणी जमिनीत मुरत राहतं आणि तुम्हाला धार कमी मिळते. दांडा पूर्ण वर! कितीतरी ‘बिघडलेले’ रेग्युलेटर एवढ्यावर बरे होतात.

दुसरं : जोडण्यापूर्वी नळ अर्धा मिनिट नुसता वाहू द्या. आधीचा पाहुणा गेल्यापासून वाहिनीत साचलेली वाळू, गंज, पितळाचे कण त्या पहिल्या पाण्याबरोबर निघून जातात. नाहीतर ते रेग्युलेटरच्या जाळीत अडकतात, किंवा त्याहून वाईट, झडपेच्या बैठकीवर जाऊन बसतात.

तिसरं : रेग्युलेटर नळाला लावायचा, गाडीला नाही. गाडीच्या तोंडाशी लावलात, तर मधला सगळा होज भरदाबाखाली राहतो, आणि रात्री फुटतो तो होजच.

सरपटणारा काटा

झडपेच्या बैठकीवर बसलेला वाळूचा एखादा कण काय करतो? झडप पूर्ण मिटू देत नाही. नळ चालू असताना सगळं ठीक दिसतं. पण सगळे नळ बंद करून काट्याकडे बघत राहा : ५०, ५५, ६२, ७०... पाणी त्या फटीतून झिरपत राहतं आणि गाडीतला दाब हळूहळू पार्कच्या दाबाइतका होतो. रेग्युलेटरच्या दोषांतला हा सर्वांत घातक, कारण तो झोपेच्या वेळी घडतो, आणि डायल नसेल तर कळतही नाही. दहा-पंधरा मिनिटं काटा एका जागी राहिला पाहिजे. चढत असेल, तर रेग्युलेटर काढा, उलट बाजूने स्वच्छ पाणी जोरात सोडून धुऊन बघा. तरी चढत असेल, तर सरळ बदला. यात काटकसर करू नये.

पण थांबा, काटा चढण्याचं निष्पाप कारणही आहे. वॉटर हीटर चालू होता का? सहा गॅलन पाणी १५ अंशांवरून ६० अंशांवर तापलं, की ते सुमारे ३५० मिलिलिटरने फुगतं. मिटलेला रेग्युलेटर पाणी उलट जाऊ देत नाही, त्यामुळे त्या फुगलेल्या पाण्याला जायला जागा नाही, दाब चढतो. म्हणून आरव्हीच्या टाकीवाल्या हीटरमध्ये वरच्या भागात हवेची एक पोकळी राखलेली असते. ती हवा दबते आणि वाढ पोटात घेते. काही महिन्यांत ही हवा पाण्यात विरघळून संपते आणि मग हीटरची सुरक्षा झडप, जी १५० पीएसआयला किंवा २१० अंश फॅरनहाइटला उघडते, ठिबकू लागते. लोक झडप बदलतात, रेग्युलेटर बदलतात. खरा उपाय फुकटचा आहे : हीटर बंद करून पाणी पूर्ण गार होऊ द्या, बाहेरचा नळ आणि पंप बंद करा, गरम पाण्याचा एक नळ उघडा, मग सुरक्षा झडपेचा दांडा उचलून धरा. पाणी वाहायचं थांबलं, की हवा परत जागेवर आली. दांडा सोडून द्या. गरम पाण्यावर हा प्रयोग चुकूनही करायचा नाही, भाजेल.

तेव्हा काट्याची परीक्षा हीटर बंद ठेवून घ्या, म्हणजे दोन्ही कारणांची गल्लत होणार नाही.

स्क्रूची खोड

दाब बदलता येणाऱ्या रेग्युलेटरचा स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवला, की स्प्रिंग आवळते आणि दाब वाढतो. उलट फिरवला, की उतरतो. वाढवताना काटा लगेच हलतो. उतरवताना मात्र ढिम्म! स्क्रू पार सैल केला, तरी काटा ६५ वर तो ६५ वरच. ‘अडकला’ म्हणून लोक पान्याने जोर करतात आणि स्क्रूचे आटे घालवतात. कारण साधं आहे : गाडीत कोंडलेलं पाणी जाणार कुठे? आतला एखादा नळ थोडा उघडा ठेवा आणि मग स्क्रू फिरवा. काटा आज्ञाधारकपणे खाली येईल.

गळतंय कुठून?

जोडातून गळत असेल, तर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. होजच्या आट्यांचं काम फक्त आवळून धरण्याचं. पाणी अडवतो तो आतला रबरी वायसर. तो सुकला, चिरला, हरवला, की गळती. चार वायसर खिशात ठेवा, काम झालं.

डोक्यावरच्या स्क्रूजवळून किंवा टोपणाच्या बारीक भोकातून पाणी येत असेल, तर मात्र आतला पडदा फाटला. ते भोक त्यासाठीच असतं, फाटल्याची वर्दी द्यायला. चिकटपट्टी, एम-सील काही लावू नका, नवा आणा.

जोड नळाला घट्ट चिकटून बसला असेल, तर होजचं टोक ॲल्युमिनियमचं आहे का बघा. पितळ आणि ॲल्युमिनियम पाण्यात एकत्र आले, की ॲल्युमिनियम झिजतं आणि दोघं एकमेकांना धरून बसतात. पितळाला पितळच लावावं.

आणि पुण्याहून चांगला पितळी नळ किंवा जोड नेऊन तिकडे बसवायचा विचार असेल, तर तो सोडून द्या. अमेरिकी होजला इंचात साडेअकरा आटे, आपल्या पाऊण इंची नळाला चौदा. दीड फेरा जाईल आणि अडकेल.

खरेदी करताना अंगावर ‘शिसेमुक्त’ असं लिहिलंय का तेही बघा, कारण हेच पाणी तुम्ही पिणार. अमेरिकेत ४ जानेवारी २०१४ पासून पिण्याच्या पाण्याच्या जोडांमध्ये पाण्याला लागणाऱ्या पृष्ठभागांवर सरासरी ०.२५ टक्क्यांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. त्याआधी ८ टक्के चालत असे! आजोबांच्या काळातला पितळी रेग्युलेटर कितीही देखणा असला, तरी तो कपाटात ठेवा.

ग्रँड कॅन्यनचं पाणी

आता सगळ्यांत भारी गोष्ट. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर ट्रेलर व्हिलेज नावाचा आरव्ही पार्क आहे. तिथल्या नळाला रेग्युलेटर लावताना क्षणभर विचार करा, हे पाणी आलं कुठून? समोरच्या, उत्तर कड्याच्या खालच्या रोअरिंग स्प्रिंग्ज या झऱ्यातून! म्हणजे अख्खी दरी ओलांडून. १९६० च्या दशकात बांधलेली साडेबारा मैलांची ॲल्युमिनियमची वाहिनी हे पाणी उतारावरून खाली आणते, कोलोरॅडो नदीवरच्या सिल्व्हर ब्रिज या पादचारी पुलाला बिलगून पलीकडे नेते, तिथून हवासुपाई गार्डन्सला पोहोचवते. या जागेचं नाव २०२२ पर्यंत इंडियन गार्डन होतं. तिथून पंपांनी पाणी वर चढतं, सुमारे ३,००० फूट. वरचंच गणित लावा : ३,००० भागिले २.३१, म्हणजे नुसत्या उंचीचाच दाब झाला जवळपास १,३०० पीएसआय. तुमच्या रेग्युलेटरवरच्या आकड्याच्या सव्वीस पट.

अशी वाहिनी फुटणार नाही तर काय? २०१० पासून ती ८५ पेक्षा जास्त वेळा मोठ्या प्रमाणात फुटली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ती पाठोपाठ चार वेळा फुटली आणि दक्षिण कड्यावरचे हॉटेलमुक्काम काही दिवस थांबवावे लागले, तेही सुट्टीच्या गर्दीत. २०२३ पासून पाणीव्यवस्था नव्याने बांधायचं काम चालू आहे. तिथे कधी नळाला पाणी कमी आलं, तर रेग्युलेटरकडे संशयाने बघण्यापूर्वी उद्यानाच्या सूचना वाचा. आणि पुलावरून चालायचा योग आला, तर पायाखाली वाहणारी ती वाहिनी जरूर आठवा.

उलट्या दाबाची आरव्ही

एक आरव्ही अशीही होती, जिच्यात आतला दाब मुद्दाम कमी ठेवला होता. पाण्याचा नव्हे, हवेचा. जुलै १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ च्या तिघांना विलगीकरणासाठी ज्या खोलीत ठेवलं, ती मुळात एअरस्ट्रीम कंपनीचा चकचकीत ट्रेलर होती. चंद्रावरचे जंतू असलेच, तर बाहेर पडू नयेत म्हणून आतली हवा बाहेरच्यापेक्षा किंचित कमी दाबाची राखली होती. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी यूएसएस हॉर्नेट या जहाजावर तिच्याच खिडकीतून अंतराळवीरांशी गप्पा मारल्या.

निघताना

आधी, दिवसभर भटकायला निघालात तरी बाहेरचा नळ बंद करा. सांधा सुटला आणि मिनिटाला पाच गॅलन पाणी वाहिलं, तर तासाभरात गाडीत अकराशे लिटर. आरव्हीची जमीन बहुधा प्लायवूडची किंवा लाकडी भुशाच्या फळ्यांची असते, ती फुगली की परत बसत नाही.

मुक्काम हलवताना क्रम असा : नळ बंद, मग आतला एक नळ उघडून दाब सोडायचा, मग जोड उकलायचे. दाब न सोडता उकललात, तर अंगावर फवारा येतो आणि वायसर उडून गवतात जातो. सगळ्यांत शेवटी रेग्युलेटर नळावरून काढायचा, आणि हा नेमका तिथेच राहून जातो. होज काढून गुंडाळला, की काम संपल्यासारखं वाटतं; तो मात्र नळावर तसाच. त्याला लाल रिबीन बांधा.

काढल्यावर झटकून आतलं पाणी काढून टाका. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, आणि यलोस्टोनच्या उंचीवर जूनमध्येही रात्री पारा शून्याखाली उतरू शकतो. आत राहिलेल्या दोन चमचे पाण्याने झडपेची बैठक तडकते, पडदा ताणतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. अशी रात्र येणार असेल, तर रेग्युलेटर आणि होज गाडीत घ्या, टाकी भरून ठेवा आणि पंप चालवा.